गल्लीच्या तोंडापर्यंत

परवा आमच्या घरचा राउटर एकदाचा मेला आणि मी नवा घ्यायला पैठण गेटजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं नेहमीचाच प्रश्न विचारला, "घर केवढं आहे मॅडम? खोल्या किती?" प्रश्न साधा होता, पण मला उत्तर सुचेना. याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका दुकानात, हाच प्रश्न विचारणाऱ्याला माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं सांगितलं होतं, "घराचं नगं इचारू बाबा. गल्ली केवढी हाय ते इचार." ते वाक्य आत्ता कुणी कानाशी बोलावं तसं ऐकू आलं. मी काहीतरी तीन खोल्या म्हणाले, पुढ्यात आलेला डबा उचलला आणि रिक्षात बसले. पडेगाव येईपर्यंत ती म्हातारी, कौसामाय, माझ्या शेजारी बसून होती असं म्हटलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. मी शाळेत विज्ञान शिकवते, भुताखेतांच्या गोष्टी वर्गात कुणाला सांगू देत नाही. पण ती गेल्यापासून दिवेलागणीला फोन हातात घेतला की ती "वाच" म्हणते, आणि ते मला ऐकू येतं. त्याला मी काय करू?

कौसामाय आमच्या समोर राहायची. दौलताबाद रोडवरून आत वळलं की आमची आखूड गल्ली. तोंडाशी एक कडुलिंबाचं झाड, शेवटाला तिचं घर. तिची माणसं मूळची खुलताबादच्या पलीकडच्या डोंगरातली, मेंढरं राखणारी. पडेगावला नुसतं गवत होतं तेव्हा तिच्या नवऱ्यानं, दगडूबानं, इथं जागा घेतली. पुढं दोन खोल्या आणि मागं काट्याचं कुंपण घातलेला मेंढवाडा. आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला बंगले झाले होते आणि त्यांच्या मधोमध ही मेंढरं. पहिल्या आठवड्यात वासानं माझं डोकं उठलं. मी नाकाला पदर लावून जाताना बघून ती ओट्यावरून म्हणाली होती, "मास्तरीण, चार दिस थांब. मंग तुला आमचा वास येनार नाय, आनि आमाला तुजा." तिचं म्हणणं खरं झालं.

ती उंच, काटक, आणि वयानं वाकायला साफ नकार दिलेली बाई होती. भाकरीसुद्धा उभ्यानंच खायची. बोलता बोलता मध्येच थांबून कान द्यायची आणि मग तुटलेलं वाक्य तिथूनच पुढं सुरू करायची. समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा, हिला त्याचं काही नाही. एक गोष्ट ती कधीच करत नसे. ती मोजत नसे. किती मेंढरं आहेत असं दगडूबाला कुणी विचारलं तरी ती मध्येच बोलायची, "मोजायची नसत्यात. मोजली की कमी व्हत्यात. तोंडं पाह्यची. जे तोंड दिसंना ते हरवलं."

हीच रीत तिनं गल्लीला लावली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघायची. एकदा म्हणाली, "टेलर दिसला नाय आज." आम्ही म्हणालो, गेला असेल कुठं. ती उठून त्याच्या घरी गेली, तर तो तापानं फणफणून एकटाच पडलेला. त्याला दवाखान्यात नेईपर्यंत ती सगळ्या गल्लीला शिव्या घालत होती. तिच्या शिव्या ऐकण्यासारख्या असायच्या, पण इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

तिला दोन मुलं. थोरली सुमन, हर्सूलला दिलेली. धाकटा अंकुश. त्याची आणि बापाची गोष्ट सांगितल्याशिवाय कौसामाय कळायची नाही, म्हणून ती आधी सांगते.

दगडूबा एकदा बराच काळ दवाखान्यात पडून होता. कौसामाय त्याच्या उशाशी. इकडं मेंढरं चारायला माळ उरला नव्हता, सगळीकडं प्लॉट पडलेले, आणि अंकुश बिचारा कामावरून रजा काढून मेंढरामागं हिंडत होता. शेवटी त्यानं सगळा कळप विकून टाकला. बापाला विचारलं नाही, कारण बाप नाही म्हणणार हे त्याला माहीत होतं. आणि म्हातारा घरी येईल तेव्हा त्याचं मन रमावं म्हणून त्यानं घरात इंटरनेट घेतलं आणि मोठा टीव्ही आणला. वाय-फायला नाव काय द्यायचं असं बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, तेव्हा यानं हौसेनं सांगितलं, "मेंढवाडा".

दगडूबा रिक्षातून उतरला तो थेट मागं गेला. कुंपण उघडं, आत शुकशुकाट. अंकुशनं त्याला हाताला धरून आत आणलं, भिंतीवरच्या पांढऱ्या डबीतले हिरवे दिवे दाखवले आणि म्हणाला, "बा, नाव काय ठेवलंय पाहा. मेंढवाडाच ठेवलंय." पोरानं ते प्रेमानं केलं होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. म्हाताऱ्याला वाटलं, पोरगं आपली थट्टा करतंय. त्यानं सगळ्या गल्लीदेखत पोराच्या थोबाडीत मारली. अंकुश बापासारखाच तापट. तो देवघरात गेला, खंडोबाच्या वाटीतला भंडारा मुठीत घेतला आणि ओट्यावर येऊन म्हणाला, "या घराच्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवनार नाय." भंडारा उचलून घेतलेली शपथ त्यांच्यात मोडत नाहीत. ती मोडली तर आई-बापाच्या जिवावर येतं अशी त्यांची समजूत आहे. कौसामाय दारात उभी होती. ती नंतर मला म्हणाली, "त्याचा हात धराया पाह्यजे व्हता. पन हळद पिवळीजर्द, त्याच्या मुठीतून गळू राह्यली व्हती. मी तिच्याकडंच पाहत ऱ्हायले."

अंकुश वाळूजला कंपनीत लागला, मग कुठंतरी लांब गेला. बहिणीशी तेवढा बोलायचा. ती म्हणाली, आईला देते, की फोन ठेवून द्यायचा. पुढं दगडूबा गेला तेव्हा तो आला, पण घराकडं आला नाही. तिरडी गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा तो लिंबाखालून निघाला, खांदा दिला, अग्नी दिला आणि स्मशानातूनच परत गेला. कौसामायनं त्याला पाठमोरा पाहिला. त्या दिवसापासून तिच्या लेखी जगाची हद्द ठरली. घरापासून लिंबापर्यंत आपलं पोरगं येऊ शकत नाही, आणि लिंबापाशी येऊ शकतं.

आता राउटरचं. एकदा तिचा टीव्ही सारखा अडकायला लागला, म्हणून मी तिच्या फोनवर राउटरचं पान उघडून दिलं. त्यात कोणाकोणाचे फोन जोडलेले आहेत त्यांची नावं दिसतात. बघते तर अर्धी गल्ली. तिनं पासवर्ड सगळ्यांना सांगितलेला होता. दारात आलेल्याला तांब्याभर पाणी द्यावं तसा ती पासवर्ड द्यायची. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण तो तेवढा ती घडाघडा म्हणायची, आणि पोरं फोनमध्ये टाकून घ्यायची. मी म्हटलं, "कौसामाय, हे बंद करा, म्हणून तुमचा टीव्ही अडकतो." तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही. ती नावांकडं बघत होती. "हे समदे आत्ता हितं हायेत?"

"हो. ज्यांचे फोन इथं पकडतात त्यांची नावं."

"वाच."

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला मी तिच्याकडं जाऊन नावं वाचायची, हे ठरूनच गेलं. शाळेच्या वह्या तपासायच्या राहिल्या तरी चालतील, पण हे चुकता कामा नये. मी वाचायची, ती प्रत्येकावर शेरा मारायची. "टेलर आला. बरं झालं." "ते पप्पू नाव वाचलंस ते कोन? तो व्हय? तोंड दिसत नाय मेल्याचं, नुस्तं नाव येतंय." "आनि हे काय वाचलंस?" मी म्हणाले, तो तुमचा टीव्ही आहे. "मंग त्यो बी आपल्यातच." मला हसू यायचं आणि वैतागही यायचा. मी तिला सांगून बघितलं की याचा काही उपयोग नाही. ती म्हणाली, "तुला हजेरी कामून लागती मंग?"

आणि एक दिवस वाचता वाचता माझी जीभ अडखळली. नावांमध्ये "अंकुश" होतं. गल्लीत दुसरा अंकुश नव्हता. त्यानं आपल्या फोनला स्वतःचं नाव दिलं होतं हे तिला माहीत होतं. त्यानंच तिला कधीतरी हौसेनं दाखवलं होतं. मी ते नाव वाचलं आणि दाराकडं बघितलं. कौसामायनं माझं मनगट घट्ट धरलं. "उठू नगं."

"अहो, तो बाहेर आहे. लिंबापाशीच असणार."

"म्हूनच म्हनते, उठू नगं. चुकार मेंढरू जवळ आलं की त्याच्या अंगावर जायचं नसतं. त्याला वाटाया पाह्यजे आपन पाहिलंच नाय. मंग ते हळूहळू येतं."

आम्ही दोघी दिवा न लावता बसून राहिलो. ती सारखी विचारत होती, "हाय का?" मी हो म्हणायची. मग नाव गेलं. मी तसं सांगितल्यावर तिनं माझं मनगट सोडलं, तेव्हा तिथं तिच्या बोटांचे वळ उठले होते. ती म्हणाली, "त्याचा फोन घराला वळखतो अजून." आणि मग खालच्या आवाजात, "सुमनला सांगू नगं. ती त्याला इचारंल. इचारलं की यायचा बंद व्हईल."

त्यानंतर ते नाव अधूनमधून यायचं. कधी लागोपाठ दोन-तीन दिवस, मग कितीतरी दिवस नाही. नाव दिसलं नाही की ती माझ्याशीसुद्धा कमी बोलायची. आता सगळं त्या पांढऱ्या डबीवर येऊन ठेपलं होतं, आणि नेमकी तीच डबी म्हातारी व्हायला लागली. तापायची, लाल दिवा लावायची, बंद करून चालू केली की थोडा वेळ शहाण्यासारखी वागायची. कौसामाय फोन हातात धरून ओट्यावरून लिंबाकडं चालत जायची आणि टीव्हीतला गाण्याचा कार्यक्रम फोनवर कुठं तुटतो ते बघायची. पूर्वी लिंबाच्या पलीकडं तुटायचा. मग लिंबाच्या अलीकडं तुटायला लागला. एका संध्याकाळी ती गल्लीच्या मध्यावरच थांबली. मी खिडकीतून बघत होते. तिनं एवढंच केलं की जिथं गाणं तुटलं तिथं काठीनं मातीत एक रेघ ओढली, आणि त्या रेघेकडं बघत उभी राहिली.

मध्ये मी माहेरी गेले होते तेव्हा सुमन आली. आईचं नेट चालत नाही हे बघून तिनं कंपनीला फोन केला. कंपनीच्या माणसानं फुकटातला नवा राउटर बसवला. त्याला सुमनच्या मुलीचं नाव दिलं, पासवर्डही नवा, कुणाला सांगायचा नाही असा. बिचारीनं सगळं आईच्या भल्यासाठी केलं, टीव्ही छान चालू करून दिला आणि हर्सूलला परत गेली. मी आले तेव्हा कौसामाय घरात नव्हती. लिंबाखाली बसली होती. गल्लीतली पोरं म्हणाली, कौसामाय रोज सकाळपासून इथंच बसते, जेवायलासुद्धा उठत नाही.

मला बघितल्यावर ती रडली. तिला रडताना मी तेवढंच एकदा बघितलं. दगडूबा गेला तेव्हाही ती सगळ्यांसमोर रडली नव्हती. "त्यो आला आसंल," ती म्हणाली. "आला आसंल आनि त्याचा फोन लागला नसंल. त्याला काय वाटलं आसंल सांग. मायनं बी नाव काढून टाकलं, आसं म्हनला आसंल. आनि गेला आसंल मंग, कायमचा."

मला तिचं मन मोडवेना. मी तिला सांगितलं की नवा राउटर घेऊन जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकला तर जुने फोन आपोआप जोडले जातात, त्यांना बदल कळत नाही. तिनं ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि आम्ही दोघी पैठण गेटला गेलो.

तो दुकानदार चांगला माणूस होता. त्यानं कौसामायला मावशीसारखं आधी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. "खाला, घर कित्ता बडा है?" आणि तिनं ते गल्लीचं उत्तर दिलं. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारीला समजलं नाही. त्यानं एक देखणा काळा राउटर काढला. "ये लेव. इत्ता फास्ट है ना, अंदर के कमरे में भी एकदम फुल."

"आत नगं. भायेर पाह्यजे."

"बाहर क्या कू खाला?"

"हाय काम."

मग त्यानं जोडीनं लावायचे दोन डबे दाखवले, एक या खोलीत, एक त्या खोलीत. ती मान हलवत राहिली. मी मध्ये पडून सांगितलं की घरात कमी पकडलं तरी चालेल, पण घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत पकडायला पाहिजे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू दोघींतली वेडी मीच आहे. तरी त्यानं समजावलं. लांब पोचणारी लहर धीमी असते, वेगवान लहर भिंतीपाशीच दमते. दोन्ही एकदम हवं तर अवघड आहे. मी ते कौसामायला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "धीमी चालंल. कितीबी धीमी चालंल. पन पोचाया पाह्यजे."

"पूरे मोहल्ले कू देना है क्या?" तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "देनं है."

त्यानं मग आतून, बाहेरच्या भिंतीवर लावायचं, ऊन-पाऊस सोसणारं एक यंत्र आणलं. दिसायला अगदी ओबडधोबड. तिनं ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं, कोकराचे पाय तपासावेत तसं. "आनि नाव तेच ऱ्हाईल? कोनाच्या फोनला कळनार नाय ना?" तो म्हणाला, "किसी कू नई मालूम पडेंगा खाला. फोन कू लगेंगा, वहीच घर है." हे वाक्य तिला फार आवडलं. रिक्षात ती ते आपल्या पद्धतीनं म्हणत होती. फोनला वाटंल, तेच घर हाय.

यंत्र ओट्यावरच्या भिंतीवर, गल्लीकडं तोंड करून बसलं. तिच्या टीव्हीला त्यापासून जेमतेम मिळायचं. तो पूर्वीपेक्षा जास्त अडकायला लागला. लिंबाखाली मात्र सिनेमे बघता यायचे, आणि गल्लीतले रिकामटेकडे तिथं जमायला लागले. दिवेलागणी झाली की ती काठी घेऊन त्यांना हुसकून द्यायची. "जागा रिकामी करा," म्हणायची. कशासाठी ते फक्त मला माहीत होतं. नाव काही दिवस आलं नाही. मला मनातून वाटायला लागलं होतं की सुमननं केलेल्या त्या घोळात खरंच काहीतरी कायमचं तुटलं. आणि मग एका संध्याकाळी ते परत आलं. मी ते वाचलं तेव्हा माझाच आवाज फाटला. कौसामायनं भिंतीवरच्या यंत्राला हात लावून तो हात कपाळाला लावला.

त्यानंतर तिनं नवीनच सुरू केलं. संध्याकाळी घरात बसायचं सोडून ती एक पोतं घेऊन लिंबाकडं जायची आणि झाडापासून थोडी अलीकडं, घराकडं तोंड करून, रस्त्याकडं पाठ करून बसायची. त्या वेळी फोन माझ्याकडं असायचा. मी आमच्या खिडकीत उभी राहायची. नाव आलं की आमच्या ओट्यावरचा दिवा लावायचा, असं आमचं ठरलं होतं. म्हणजे तिला मान न वळवता कळायचं.

मी ते दृश्य किती वेळा बघितलं असेल. लिंबाखाली मोटारसायकल थांबायची. डोक्यावर हेल्मेट, अंधारून आलेलं, चेहरा दिसायचा नाही. बांधा अंकुशसारखाच वाटायचा. तो गाडीवर बसूनच फोनमध्ये बघायचा. मी दिवा लावायची. आणि कौसामाय, पाठ तशीच ठेवून, मोठ्यानं बोलायला लागायची. गल्लीतल्या लोकांना वाटायचं म्हातारी एकटीच बडबडते. ती घरातलं काय काय सांगायची. हरभऱ्याची भाजी केली होती. सुमनची पोरगी दहावीला बसली. मागची भिंत ओल धरते आहे. एकदा मी तिला म्हणताना ऐकलं, "तुजा बा शेवटाला कायबी वंगाळ बोलला नाय. त्यानं तुजं नाव घेतलं व्हतं." दगडूबा शेवटी कुणाचंच नाव घ्यायच्या अवस्थेत नव्हता, हे मला माहीत आहे. मी तिथं होते.

आधी तो माणूस लवकर निघून जायचा. नंतर नंतर तो फोन खाली ठेवून ऐकत बसायला लागला. त्यानं कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही. ती कधी वळली नाही. कळपातल्या प्रत्येक मेंढराचं तोंड ओळखणारी बाई, आणि हातभर मागं असलेलं तोंड तिनं बघितलं नाही. मला कधीकधी त्या खिडकीत उभं राहून भीती वाटायची. कशाची, ते सांगता यायचं नाही.

एकदा तिला थंडी वाजली म्हणून ती लवकर उठून घरी गेली, पोतं तिथंच राहिलं. सकाळी ती मला हाका मारत आली. तिच्या चेहऱ्यावर मी असं काही पूर्वी पाहिलं नव्हतं. ते पोतं, नीट घडी घातलेलं, तिच्या ओट्यावर ठेवलेलं होतं. "वट्यापोत्तर आला, मास्तरीण," ती म्हणाली. "उंबरा नाय वलांडला. पन वट्यापोत्तर आला." तिनं ते पोतं पुन्हा वापरलं नाही. देवघराखाली ठेवलं.

ती थंडी तिला मानवली नाही. छातीत कफ झाला आणि ती थोड्याच दिवसांत गेली. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. मी फोन घेऊन शेजारी बसले आणि नावं वाचली. टेलर, पप्पू, टीव्ही. अंकुशचं नाव त्या दिवशी नव्हतं. तरी मी ते वाचलं. मी आयुष्यात इतक्या ठाम आवाजात दुसरं काही वाचलेलं नाही.

अंकुश आला. बापाच्या वेळी जसा आला होता तसाच, लिंबाखालून निघून त्यानं तिरडीला खांदा दिला. सगळं आटोपल्यावर या वेळी तो लगेच गेला नाही. लिंबाशी येऊन उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. मी म्हणाले, "अंकुश, तू संध्याकाळी यायचास ते तिला माहीत होतं बरं का. तू आलास की ती तुझ्याशीच बोलायची."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मी? मी कवा आलो ताई?"

"तुझ्या नावाचा फोन वाय-फायवर दिसायचा."

मग तो म्हणाला, "त्यो फोन तर मी वाळूजला असतानाच देऊन टाकला. सोबत कामाला होता एक जन, मिटमिट्याचा. त्याला तसाच दिला, पुसला बी नाय. मी बा गेल्यावर हिकडं आलोच नाय ताई. आज आलो."

मिटमिट्याला जायचा रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच जातो. तो बिचारा कोण परका माणूस, कामावरून घरी जाताना फुकटच्या नेटसाठी थांबत होता, आणि एक म्हातारी त्याच्याकडं पाठ करून त्याला घरच्या गोष्टी सांगत होती. आणि तो ऐकत होता. पोतं त्यानंच उचलून ठेवलं असणार. कुणाच्या तरी आईचं पोतं राहिलं म्हणून.

अंकुशनं विचारलं, "काय बोलायची ती?"

मी त्याला सगळं सांगितलं. हरभऱ्याची भाजी, सुमनची पोरगी, ओल धरलेली भिंत, बापानं घेतलेलं नाव. बापाचं मी दोनदा सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी मी म्हणाले, "ती समजत होती की तू ओट्यापर्यंत आलास. त्या आनंदात गेली ती."

तो गल्लीतून चालत निघाला. मी मागून गेले, पण अंतर ठेवून. घरापाशी आल्यावर तो उंबऱ्यापाशी थबकला आणि अलीकडंच, ओट्यावर, भिंतीवरच्या यंत्राखाली बसला. सुमननं आतून पाणी आणून ठेवलं. त्यानं ते प्यायलं, चेहरा पुसला आणि काहीतरी करायचं म्हणून फोन बाहेर काढला. नवाच फोन होता. पडद्यावर "मेंढवाडा" आलेलं मला उभ्या जागेवरून दिसलं, आणि त्याच्यापुढं कुलूप. त्यानं दोन-तीनदा काहीतरी टाकून बघितलं. ते लागलं नाही.

"ताई," त्यानं मान वर न करता विचारलं, "हितला पासवर्ड काय होता?"

गल्लीतल्या पोराटोरांना पाठ असलेला तो पासवर्ड मी त्याला एकेक अक्षर करून सांगितला.